वजनाचं ऑपरेशन: कुणी करावं, कुणी थांबावं
(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावर आहेत: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी. त्यातली सात पत्रं निवडून थोडक्यात दिली आहेत. उत्तरं शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

तासगाव : यांचं वय ४१, उंची साडेपाच फूट, वजन ११८ किलो. शुगर चार वर्षांपासून आहे. तीन गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांची शुगर ९.१ आली. रात्री खूप घोरतात, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात. मागच्या महिन्यात द्राक्षबागेत फवारणी करताना ट्रॅक्टरवर डुलकी लागली. तंबाखूची सवय आहे. सासूबाई म्हणतात, दोन भाकरी कमी खा, झालं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा विचार करा. काय करावं?

ताई, आधी त्या डुलकीचं बघा. ऑपरेशन करायचं की नाही ते नंतर ठरेल, पण झोपेची तपासणी याच महिन्यात करून घ्या आणि तोवर त्यांना ट्रॅक्टर आणि मोटरसायकल चालवू देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं स्लीप ॲप्नियाची आहेत. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला दचकवून जागं करतो आणि हे रात्रभर चालतं. स्लीप स्टडीमध्ये तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडखळला तर त्रास तीव्र समजतात. तसं निघालं तर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) लगेच सुरू करायचं. पुढे ऑपरेशन झालंच तर त्याआधी काही आठवडे मशीनची सवय झालेली भूलतज्ज्ञांनाही हवी असते. ॲप्निया न ओळखता भूल दिली, तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री श्वास मंदावण्याचा धोका असतो.

आता मूळ प्रश्न. साडेपाच फूट म्हणजे १.६८ मीटर. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२. ११८ ला २.८२ ने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळजवळ ४२ येतो. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये मिळून निकष नव्याने मांडले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, मधुमेह असेल तर ३० पासून सुचवावी, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे तो पर्याय द्यावा, असं त्यात आहे. आपल्याकडे तोच बीएमआय असताना पोटाभोवतीची चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून ही सवलत. तुमच्या यजमानांचा बीएमआय ४२, जोडीला अनियंत्रित मधुमेह आणि बहुधा ॲप्निया. असे रुग्ण समोर असले की आमच्यात फारसा मतभेद होत नाही. त्यांनी ऑपरेशनचा गंभीरपणे विचार करावा आणि तो वर्षानुवर्षं लांबवू नये.

लांबवू नये म्हणण्याचं कारण मधुमेहात आहे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. मधुमेह पाच वर्षांच्या आतला, इन्सुलिनचं इंजेक्शन अजून सुरू नाही आणि सी-पेप्टाइड तपासणी (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी) चांगली, अशा रुग्णात शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात राहण्याची शक्यता बरीच चांगली असते. पंधरा वर्षं मधुमेह आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन असलेल्यात ती खूपच कमी. तरी अपेक्षा मापात ठेवा. १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या 'स्टॅम्पीड' चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची शुगर ६ किंवा खाली राहिली ती बायपासच्या (जठराचा छोटा कप्पा करून त्याला आतडं जोडण्याच्या) गटात २९ टक्के, स्लीव्हच्या (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याच्या) गटात २३ टक्के आणि फक्त औषधं घेणाऱ्यांत ५ टक्के लोकांची. फरक मोठा आहे, पण शंभरातल्या शंभरांची शुगर जात नाही. 'ऑपरेशन केलं की शुगर कायमची गेली' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

सासूबाईंना एक गोष्ट समजावून सांगा. ११८ किलोचा माणूस दोन भाकरी कमी खाऊन आठ-दहा किलो उतरवतो, पण मग शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वजन उतरल्यावर वाढतं. म्हणून वजन परत येतं. त्यात त्यांच्या मनाचा कमकुवतपणा नाही, हे घरातल्यांनी मान्य केलं तर त्यांना फार मोठा आधार मिळेल.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत रक्त, थायरॉइड, यकृत, किडनी, बी१२, डी३, लोह, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा टू-डी इको आणि जठराची दुर्बिणीतून तपासणी (एण्डोस्कोपी) एवढं किमान असावं. एण्डोस्कोपी टाळणाऱ्या ठिकाणी जरा थांबून विचारा. जठरात अल्सर, हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा हेलिकोबॅक्टर जंतू सापडला तर ऑपरेशनचा प्रकारच बदलू शकतो. तीन महिन्यांची शुगर शक्यतो ८ च्या खाली आणून मग टेबलावर जायचं. गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली दुसरी गोळी असेल तर ती ऑपरेशनच्या तीन ते चार दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल साठतं आणि शुगरचा आकडा जवळजवळ नॉर्मल दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. ही गोष्ट सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर वेगवेगळ्या गावात असले की हमखास निसटते.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. पुडी खिशात ठेवून चालणार नाही. काही ठिकाणी लघवीची कोटिनिन (निकोटिनचा अंश दाखवणारी) तपासणी करून खात्री करतात आणि ते योग्यच आहे. निकोटिनमुळे जोडाच्या जागी रक्तपुरवठा कमी पडतो, जखम भरत नाही, आणि बायपासनंतर जोडावर अल्सर होतो तो पुन्हा पुन्हा होतो.

शेवटी वेळ. एप्रिलची खरड छाटणी उरकली की तपासण्या सुरू करा आणि जून-जुलैत ऑपरेशन धरा. त्यानंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत माणूस उभा राहतो. आधीचे दोन आठवडे साधारण ८०० ते १००० कॅलरीचा आहार असतो. तो यकृतातली चरबी उतरवण्यासाठी असतो. सुजलेलं यकृत जठरावर पडदा धरून बसतं आणि दुर्बिणीला वाट देत नाही. या दोन आठवड्यांत फसवलं तर ऑपरेशन टेबलावर लांबतं, कधी अर्धवट थांबवावं लागतं. आणि आहार सुरू झाला की शुगरच्या गोळ्या त्याच दिवशी कमी कराव्या लागतात, नाहीतर शुगर एकदम खाली जाते.

सातारा : माझी मुलगी २४ वर्षांची, उंची ५ फूट २ इंच, वजन ७४. पाळी अनियमित आहे, पीसीओडी सांगितलंय. शुगर नाही. स्थळं येतात पण वजनावरून अडतं. दिवाळीनंतर लग्न करायचं आहे. ऑपरेशन करून घेतलं तर तोवर किती किलो उतरेल?

या पत्रात मुलीचं स्वतःचं मत कुठेच नाही. आमच्यासाठी तोच पहिला प्रश्न आहे.

बीएमआय ३० च्या जरासा खाली येतो. वर दिलेल्या आशियाई निकषाने हा आकडा कागदावर बसतो, हे आम्ही लपवत नाही आणि कुणी सर्जन 'बसतंय' म्हणालाही असेल. तरी आमचं उत्तर 'आत्ता नको' असंच आहे. बीएमआयचा आकडा फक्त दार उघडतो. आत जायचं की नाही ते आजार, आधी केलेले उपचार आणि रुग्णाची इच्छा यावर ठरतं. तिला मधुमेह नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सहा महिने आहार, व्यायाम, गरज पडल्यास औषधं असं काही झाल्याचं पत्रात दिसत नाही. पीसीओएसमध्ये, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या पीसीओडीमध्ये, वजनाचे ५ ते १० टक्के उतरले, म्हणजे तिच्या बाबतीत साधारण ४ ते ७ किलो, तरी बऱ्याच मुलींची पाळी सुधारते. त्यासाठी जठर कापायची गरज नाही.

लग्नाच्या तारखेचंही सांगतो. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण त्या काळात वजन वेगाने उतरत असतं आणि बाळाला लोह, बी१२, फोलिक ॲसिड कमी पडतं. गंमत अशी की पीसीओएस असलेल्या मुलींची बीजनिर्मिती वजन उतरताना लवकर सुरू होते, आणि बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दिवाळीनंतर लग्न, लगेच दिवस, आणि सासरी ऑपरेशनची कुणाला कल्पना नाही म्हणून गोळ्या लपवून घ्यायच्या. ही वेळ मुलीवर आणू नका. तिला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांकडे एकटीला बोलू द्या. आणि वजन बघून नकार देणारं स्थळ गेलं तर जाऊ द्या.

पलूस : दोन सर्जननी दोन वेगळी ऑपरेशनं सांगितली. एक म्हणतात स्लीव्ह करा, दुसरे म्हणतात बायपास. मला जळजळीचा त्रास दहा वर्षं आहे, रात्री घशाशी आंबट येतं. वजन ११०, बीएमआय ३८. नेमका फरक काय?

तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य 'रात्री घशाशी आंबट येतं' हे आहे, आणि ते दोघांनाही सांगितलंय ना, याची खात्री करा.

स्लीव्हमध्ये काय होतं ते जवळून बघा. तोंडावाटे १२-१३ मिलिमीटर जाडीची नळी जठरात उतरवतात. तिच्या कडेने, जठराच्या खालच्या दारापासून चार-पाच सेंटीमीटर सोडून, स्टेपलर लावत वर जातात. एका वेळी स्टेपलर दोन्ही बाजूंना टाचण्यांच्या ओळी मारतो आणि मधून कापतो. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग बाहेर काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी, १००-१५० मिलिलिटरची. काढलेल्या भागात घ्रेलिन जास्त बनत असतं, म्हणून भूकही उतरते. आतडं कापावं लागत नाही, ऑपरेशन कमी वेळाचं, जीवनसत्त्वांची कमतरता तुलनेने कमी. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही. आणि ही अरुंद नळी आतून जास्त दाबाखाली असते. त्या दाबामुळे दोन गोष्टी होतात: आम्ल वर अन्ननलिकेत फेकलं जातं, आणि टाचण्यांची ओळ सुटलीच तर ती बहुतेक वेळा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ सुटते. तिथे रक्तपुरवठाही कमी असतो. नळी मधल्या वळणावर जास्त आवळली गेली तर खाल्लेलं पुढे सरकत नाही आणि उलट्या सुरू राहतात.

बायपासमध्ये जठराचा वरचा ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून त्याला लहान आतडं जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, अन्न त्यातून जात नाही. त्या छोट्या कप्प्यात आम्ल फार कमी बनतं, पित्तही वर येत नाही, त्यामुळे जळजळ बहुधा थांबते. दहा वर्षं जळजळ असलेल्या माणसाला आम्ही स्लीव्ह सुचवणार नाही. एण्डोस्कोपीत अन्ननलिकेला सूज, जखमा किंवा मोठा हायेटस हर्निया दिसला तर नक्कीच नाही. 'मिनी बायपास' असं तिसरं नाव तुमच्या कानावर येईल. त्यात एकच जोड असतो आणि वजन छान उतरतं, पण पित्त वर येण्याची शक्यता राहते, म्हणून तुमच्यासाठी तो पहिला पर्याय नाही.

बायपासची किंमतही समजून घ्या. बी१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर. जोडावर अल्सर होऊ नये म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन गटातल्या दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. गोड एकदम खाल्लं की डम्पिंग: रसवंतीवर थांबून उसाचा एक ग्लास रस घेतला तर पंधरा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात, आणि एक ते तीन तासांनी शुगर उतरून हातपाय थरथरतात. दारू तर फार पटकन चढते आणि पहिल्यांदाच व्यसन लागल्याची उदाहरणं आहेत. घरात कुणाला दारूचा इतिहास असेल तर ते सर्जनला सांगायलाच हवं.

वजनाचा हिशोब साधारण असा: स्लीव्हने एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के, बायपासने ३० ते ३५ टक्के, दीड-दोन वर्षांत. बायपासने तुमचं ११० चं ७२ ते ७७ च्या आसपास येईल. पुढे थोडं परत चढतं, ते बहुतेकांचं चढतं.

कराड : आईचं वय ५८, वजन १०२, उंची ५ फूट. दोन्ही गुडघे झिजलेत. हाडांचे डॉक्टर म्हणतात आधी वजन कमी करा मग सांधा बदलू. आई मिश्री लावते. या वयात पोटाचं ऑपरेशन झेपेल का?

वय ५८ ही अडचण नाही. हृदय, फुफ्फुस आणि किडनीच्या तपासण्या नीट असतील तर साठीच्या पुढेही ही ऑपरेशनं होतात. बीएमआय ४४ आहे, निकषात स्पष्ट बसतो. गुडघ्याच्या बाबतीत एक मोजमाप माहीत असू द्या: वजनातला एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो. तीस किलो उतरले तर काहींना सांधाबदल पुढे ढकलता येतो, काहींना तो तरीही लागतो पण सुरक्षितपणे होतो. वजन उतरायला लागल्यावर किमान सहा महिने थांबून मग गुडघ्याचं ठरवा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आपल्याकडच्या अनेक बायका तिला दात घासायची पूड समजतात, म्हणून 'तंबाखू खाता का' विचारलं की मनापासून 'नाही' सांगतात. सर्जनपुढे आईच्या मिश्रीचा विषय तुम्ही स्वतः काढा. तिलाही सहा आठवड्यांचा नियम लागू आहे. दुसरं, गुडघ्यांसाठी आई दुखण्याच्या गोळ्या घेत असेल, आणि बायपासनंतर त्या बंद कराव्या लागतील. तिच्यासाठी स्लीव्ह जास्त सोयीचं पडेल, जळजळ नसेल तर.

सांगली : आमचं जैन कुटुंब. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य, कांदा-लसूण-बटाटा नाही, अंडं तर नाहीच. वय ३६, बीएमआय ४१, स्लीव्ह ठरली आहे. प्रोटीन आणि पाणी एवढ्या वेळात कसं बसवायचं? नियम मोडायची इच्छा नाही.

नियम न मोडता बसतं, पण घड्याळ लावून करावं लागतं, आणि तुमचा प्रश्न ऑपरेशनच्या आधी आला हे फार बरं झालं. आम्हाला बहुतेक वेळा तो चौथ्या आठवड्यात, चक्कर येऊन पडल्यावर विचारला जातो.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन आणि दीड ते दोन लिटर पाणी लागतं. डिसेंबरात तुमच्या हातात जेमतेम अकरा तास असतात. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. अरुंद जठरात पाणी अन्नाला ढकलतं किंवा उलटी काढतं. जेवणाला अर्धा तास आणि पुढचा अर्धा तास धरला तर तीन जेवणांचे तीन तास गेले. उरले आठ. दर दहा मिनिटांनी ३० मिलिलिटर घेतलं तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे दिवसाचं जवळजवळ १४०० ते १५०० मिलिलिटर. हिवाळ्यात एवढ्यावर जेमतेम भागतं. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात भागत नाही, पण तेव्हा दिवसही मोठा असतो. औषधाच्या छोट्या मापाने ३० मिलिलिटर मोजायची सवय ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून लावा. दिवस लहान असतो म्हणून शक्य असेल तर ऑपरेशन डिसेंबर-जानेवारीत धरू नका.

पहिले दोन आठवडे फक्त द्रव. व्हे प्रोटीन दुधापासूनच बनतं, पण डब्यावरचा हिरवा ठिपका बघा. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन मिळतं. दोन मापं आणि ३०० मिलिलिटर दूध, ५८ ग्रॅम झाले. मग दोन आठवडे मऊ, गाळलेलं, कुस्करलेलं. दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. तेव्हाचा एक दिवस असा बसतो: ३०० मिलिलिटर दुधाचे १० ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरचे ९, १०० ग्रॅम चक्क्याचे साधारण ८, ३० ग्रॅम कच्च्या मूगडाळीचे ७, आणि २० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांचे १०. इथे ४४ झाले, वर व्हेचं एक माप घेतलं की ६८. मोड आलेलं चालत नसेल तर काही बिघडत नाही, डाळ पुरते.

भाकरीचं सांगून ठेवतो. ताजी गरम भाकरी पहिले तीन-चार महिने जठरात गोळा होऊन बसते. ती डाळीत पूर्ण कुस्करून, वाटीच्या शेवटी खायची, सुरुवातीला प्रोटीन. भडंग, शेव, पेढे घशाखाली सहज उतरतात आणि पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. स्लीव्ह झालेल्यांचं वजन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परत चढतं ते जास्त करून यांनीच. भाकरी अडते, भडंग अडत नाही, म्हणून माणूस नकळत भडंगाकडे वळतो.

बी१२ शाकाहारी माणसात आधीच कमी असतं. ऑपरेशनआधी तपासून भरून काढा आणि नंतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घ्या, म्हणजे गोळी विसरायचा प्रश्न नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागून घ्या. कॅल्शियम सायट्रेट आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतली तर लोह अंगी लागत नाही. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी.

एका गोष्टीत मात्र आम्ही सवलत मागतो. पर्वातले निर्जल उपवास पहिल्या वर्षी करू नका. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर सूर्यास्त झाला तरी सलाइन आणि थायमिनचं इंजेक्शन घ्या. थायमिन, म्हणजे बी१, शरीरात फार थोडे आठवडे पुरतं. ते संपलं की डोळे तिरळे होणं, तोल जाणं, बरळणं सुरू होतं आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं. थायमिन आधी, ग्लुकोजचं सलाइन नंतर, हा क्रमही डॉक्टरांना आठवण करून द्या. आजारपणातल्या औषधाबद्दल घरातल्या ज्येष्ठांशी आत्ताच बोलून ठेवा, त्या रात्री चर्चा करायला वेळ नसतो.

कोरेगाव : आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत म्हणे. मग ऑपरेशन कशाला? बीएमआय ३३, शुगर नुकतीच निघाली आहे.

मौंजारो नावाचं इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी नावाचं जून २०२५ मध्ये. चाचण्यांत वेगोवीच्या पूर्ण डोसने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि मौंजारोच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. तुमच्या बीएमआयला आणि नव्या मधुमेहाला इंजेक्शनपासून सुरुवात करणं आम्हाला योग्य वाटतं. पण वेगोवीतलं औषध बंद केलेल्यांवर अभ्यास झाला, तेव्हा उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. म्हणजे महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं झेपेल का, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा, सहाव्या महिन्यात नव्हे. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर कुणाला झाला असेल तर घेऊ नका. स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पूर्ण डोसवर वर्षभर घेऊनही शुगर ऐकत नसेल तर ऑपरेशनचा पर्याय तुमच्यासाठी उघडाच आहे.

जत : भावाचा बायपास ठरलाय. बीएमआय ३६, शुगर ताब्यात नाही. विम्यात बसेल का? आणि ऑपरेशन झाल्यावर इतक्या लांब गावी काही झालं तर?

विम्याच्या करारात 'लठ्ठपणा, वजन नियंत्रण' असं प्रमाणित कलम असतं, एक्सक्लुजन (खर्च वगळण्याचा) कोड ०६. त्याप्रमाणे वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा अधिक, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी काही, शिवाय साधे उपाय करून फरक पडलेला नाही, एवढं असेल तरच खर्च मिळतो. बीएमआय आणि शुगर दोन्ही बसतात. अडतं ते 'साधे उपाय करून पाहिले' याच्या पुराव्यावर. फाइलमध्ये तारखेसह वजनाच्या नोंदी, आहारतज्ज्ञांचे कागद, शुगरचे रिपोर्ट हवेत. पॉलिसी घेताना मधुमेह लपवला असेल तर दावा जवळजवळ नक्की फेटाळला जातो. आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते, ती संपली का ते बघा. पूर्वमंजुरी लेखी घ्या. हॉस्पिटलच्या पॅकेजमध्ये स्टेपलरच्या किती कार्ट्रिज धरल्या आहेत आणि टाचण्यांच्या ओळीतून किंवा जोडातून गळती झाल्यास आयसीयूचा खर्च कुणाचा, हेही लेखी विचारा.

आता अंतराचं. या ऑपरेशनचा मृत्यूचा धोका अनुभवी ठिकाणी हजारात एकाच्या आसपास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास. पण गळती झाली तर ती बहुधा घरी गेल्यावर, पहिल्या दहा दिवसांत लक्षात येते. म्हणून ते दहा दिवस भावाला हॉस्पिटलपासून तासाभराच्या अंतरात ठेवा, मिरज-सांगली किंवा कोल्हापूर, जिथे ऑपरेशन होईल तिथे नातेवाइकांकडे. घरी नाडी मोजायला शिका. नाडी १२० च्या वर टिकून राहिली, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप किंवा विनाकारण घाबरल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर सोनोग्राफी करत बसू नका, सरळ सर्जनकडे न्या. नाडी सगळ्यात आधी वाढते, पोट त्यानंतर दुखतं. एका पोटरीला सूज आणि दुखणं हे रक्ताच्या गाठीचं लक्षण आहे, तेही थांबायचं नाही.

पुढचा धोका काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनीही येतो. वजन उतरलं की आतड्याभोवतीची चरबी झिजते, जोडाच्या आजूबाजूच्या फटी मोठ्या होतात आणि त्यातून आतडं सरकून पिळलं जातं. खाल्ल्यावर नाभीभोवती मुरडून कळ येते आणि जाते. जवळचा दवाखाना ॲसिडिटीचं इंजेक्शन देतो, कारण बायपास झालाय हे त्याला माहीत नसतं. कळ परत येते. अशा वेळी सीटी स्कॅन लागतो आणि तो बॅरिॲट्रिक सर्जनने बघायला हवा. पित्ताचे खडेही पहिल्या सहा महिन्यांत होतात. त्यासाठी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सहा महिने देतात, त्या अर्ध्यात सोडू नयेत. केस गळतात ते तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, आणि प्रोटीन-लोह पुरेसं असेल तर परत येतात.

भावाच्या पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये मराठीत लिहिलेला एक कागद ठेवा: 'माझा गॅस्ट्रिक बायपास झाला आहे. तारीख, सर्जनचा फोन. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नये. पोटात कळ येत असल्यास सीटी स्कॅन करावा.' त्याखाली रात्री दोन वाजता गाडी काढेल अशा माणसाचा नंबर लिहा, आणि त्या माणसाला तसं आधी सांगून ठेवा.